सहाव्या कार्बनची कुपी

प्रिय केरबामामा,

मी तुम्हाला आजवर एकही पत्र लिहिलं नाही. लिहिण्याइतकं अंतर तरी कुठं होतं? तुम्ही कसबा बावड्यात, मी राजारामपुरीत. रिक्षानं वीस मिनिटं. तरी इतक्या वर्षांत तुमच्या दारात एकदाही आले नाही, आणि आता तुम्हाला जाऊन पाच महिने झाल्यावर कागद घेऊन बसले आहे.

काल तुमच्या सुमनला मी सगळं सांगितलं. ती नर्स आहे त्या दवाखान्याच्या मागं, कपडे वाळत घालतात तिथल्या बाकावर. मी थांबल्यावर ती म्हणाली, "मला काय सांगताय? हे आबांना सांगायचं हुतं."

म्हणून तुम्हाला सांगते आहे. ऐकाल ना?

तुम्हाला आठवतं का मामा, मी पहिल्या दिवशी प्राणीघराच्या दारातच नाक दाबून उभी राहिले होते? नवी कोरी संशोधक विद्यार्थिनी, हातात वही, पायात उंच टाचेची चप्पल. पंचाण्णव साल होतं. तुम्ही पिंजरे पुसत होतात. मागं वळून म्हणालात, "पावणं, आत या की. वास चार दिवसांत जातूय. मग घरात वास न्हाय म्हणून चुकल्यागत वाटतंय." आणि खरंच तसं झालं.

आमच्या संशोधन संस्थेतल्या विभागात तुम्ही अकरा वर्षं रोजंदारीवर होता. पांढऱ्या उंदरांचं खाणंपिणं, साफसफाई, वजनं, सगळं तुमच्याकडं. दिवाळीच्या पाडव्यालाही तुम्ही यायचात. भीमजयंतीला मिरवणुकीआधी पांढरे शुभ्र कपडे घालून आलात, बाह्या दुमडून उंदरांना पाणी दिलं, आणि एकही डाग न पडू देता परत गेलात. मी त्या दिवशी तिथंच होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मामा! हे मुद्दाम लिहिते आहे.

एका रविवारी तुम्ही छोट्या सुमनलाही उंदीर दाखवायला आणलंत. ती घाबरून तुमच्या पाठीमागं लपली आणि तिथूनच मला विचारत राहिली, "ह्यांस्नी मारतासा व्हय?" मी विषय बदलला. विषय बदलायची सवय मला तेव्हापासूनच होती.

तुम्हाला माझं काम समजून घ्यायचं असायचं. इतर कुणी विचारत नव्हतं. घरचे म्हणायचे, उंदरांची चरबी काढते पोरगी, कोण करून घेणार हिला? तुम्ही मात्र एकदा फरशीवर बसलात आणि म्हणालात, "आता नीट सांगा. चरबी म्हंजे चरबी. ती साखरंचं काय करती?"

मी सांगितलं. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. चरबीच्या पेशीत साखर गेली की तिला दोन वाटा असतात. एक नेहमीची, ऊर्जा काढायची. दुसरी आडवाट. त्या वाटेवर पहिला कार्बन सुरुवातीलाच तुटून वायू होऊन निघून जातो, आणि पेशीला नवी चरबी बांधायचं बळ मिळतं. कोणत्या वाटेनं किती साखर गेली हे दिसत तर नाही. म्हणून दोन प्रकारचं ग्लुकोज वापरायचं. एकात पहिल्या कार्बनवर किरणोत्साराची खूण, दुसऱ्यात सहाव्यावर. चरबीचे तुकडे दोन फ्लास्कमध्ये घालायचे, कोमट पाण्यात हलवत ठेवायचे, आणि त्यातून निघणारा वायू बुचाखाली टांगलेल्या कागदावर पकडून यंत्रात मोजायचा. 'एक'च्या फ्लास्कचा आकडा 'सहा'पेक्षा जितका मोठा, तितकी आडवाट जोरात.

तुम्ही क्षणभर विचार केलात आणि म्हणालात, "म्हंजे सा पेरांचा ऊस की ओ! एका चरकावर पयलं पेर आधीच छाटत्यात, दुसऱ्यात आख्खा ऊस जातूय. कुठलं पेर कवा भाईर पडलं त्येवढं तुमी बघतासा. व्हय का न्हाय?"

व्हय, मामा. इतकं सोपं करून मलाही सांगता आलं नव्हतं. पुढं शिकवायला लागल्यावर दरवर्षी मी वर्गात हाच ऊस सांगितला. मुलं खूश व्हायची. तो तुमचा आहे हे मी कधीच सांगितलं नाही. पण ही चोरी फारच लहान. मोठी पुढं आहे.

माझ्या प्रयोगात उंदरांचे दोन गट होते. एक उपाशी ठेवायचा, आणि दुसऱ्याला पीठ, साखर, दूध पावडर मळून पोटभर खायला घालायचं. ते गोळे तुम्ही वळायचात. खाल्लेल्या उंदरांच्या चरबीत आडवाट जोरात चालते, उपाशी उंदरांच्या चरबीत ती जवळजवळ बंद पडते आणि दोन्ही आकडे सारखे होत जातात. पहिले काही महिने सगळं पुस्तकाबरहुकूम येत होतं. माझे मार्गदर्शक सर खूश. मी तर हवेतच.

मग दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तीन आठवडे भलतंच यायला लागलं. पोटभर खाल्लेल्या उंदरांचे दोन्ही आकडे सारखे. आज सारखे, उद्याही सारखे. जणू त्यांनी अन्नाचा कण खाल्ला नाही!

सरांनी मला बोलावून विचारलं, "उंदीर नीट जेवताहेत ना?"

मी काय म्हणायला हवं होतं? माहीत नाही, बघते, असं. मी म्हणाले, "खाण्याच्या खोलीची किल्ली केरबामामांकडे असते, सर."

एवढंच बोलून थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणाले, "दूध पावडरही हल्ली लवकर संपते."

पावडर लवकर संपत होती, कारण मीच दुसऱ्या गटातले उंदीर वाढवले होते. हे मला त्या क्षणी आठवलं नाही, की आठवायचं नव्हतं? मामा, मी बारा वर्षं हा प्रश्न स्वतःला विचारते आहे आणि उत्तर द्यायच्या आधी उठून दुसरं काहीतरी करायला लागते.

सर म्हणाले, "ह्या लोकांचं असंच असतं."

ह्या लोकांचं म्हणजे कोणाचं, ते सर बोलले नाहीत. मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. विभागातल्या पाच माणसांची त्या खोलीत ये-जा होती. माझ्या तोंडात पहिलं नाव तुमचंच का आलं?

दुसऱ्या दिवशी सरांनी तुम्हाला खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यात उभी होते. तुम्ही आलात तेव्हा हाताला ओलं पीठ होतं. प्रकरण काय आहे ते कळल्यावर तुम्ही आधी हसलात. तुम्हाला ती चेष्टा वाटली. मग सरांचा चेहरा पाहून तुम्ही तसेच बाहेर गेलात आणि वजनांची वही घेऊन आलात.

"सर, रोजचं वजन हाय ह्यात. एकेका उंदराचं. उपाशी जनावराचं वजन वाढंल काय?"

सरांनी वही उघडलीसुद्धा नाही. "वजनं लिहितो कोण? तूच ना?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. "ताई, तुमी तरी सांगा की. परवाच तुमी म्हणालासा, उंदरं कशी गुटगुटीत झाल्यात."

म्हणाले होते. हातात उंदीर धरून म्हणाले होते.

आणि तुमच्या डोळ्यांकडे न बघता मी म्हणाले, "मी काही रोज तिथं नसते."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते.

मामा, तुम्ही भांडला का नाही? तुम्ही तर पेपर उशिरा टाकला म्हणून पेपरवाल्याशी चौकात भांडणारे! त्या खोलीत आवाज का चढवला नाही? टेबलावर वही आपटायची, उंदीर आणून ठेवायचे सरांच्या पुढ्यात! मी कधी कधी मनातल्या मनात तुमच्यावर रागावते, की तुम्ही ओरडला असता तर मी घाबरून खरं बोलले असते. बघा, अजूनही दोष तुमच्याकडेच सरकवते आहे.

तुमची कायम करण्याची फाईल त्याच महिन्यात वर जाणार होती. ती गेली नाही. तुम्हाला प्राणीघरातून काढून बागेला पाणी घालायला लावलं. नवीन माणूस आला, नवीन उंदीर आले, सरांनी किरणोत्सारी ग्लुकोजही नवीन मागवलं. आणि पहिल्याच दिवशी आकडे बरोबर आले!

आता काय शंका राहिली? सर म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना?" मी मान हलवली. मनातून हलकी झाले होते. म्हणजे तुम्ही खरंच दूध पावडर घरी नेत होता, म्हणजे मी काही वाईट केलं नव्हतं. किती बरं वाटलं होतं मला! तुम्ही खिडकीबाहेर झारी घेऊन उभे होता आणि मला बरं वाटत होतं.

वर्षभरानं प्रयोग संपले. किरणोत्सारी माल परत मोजून द्यावा लागतो, म्हणून एका दुपारी मी शिशाचा डबा रिकामा करायला घेतला. तळाशी त्या पावसाळ्यात आलेलं जुनं खोकं होतं. त्यात तीन कुप्या आल्या होत्या, दोन 'एक'च्या आणि एक 'सहा'ची. सगळ्या सारख्याच दिसायच्या, फरक फक्त चिठ्ठीवरच्या बारीक अक्षरात.

'एक'च्या दोन्ही कुप्या वापरलेल्या होत्या. 'सहा'च्या कुपीचं सील जसंच्या तसं होतं. बुचाला सुईचं एकही भोक नव्हतं.

घाईत मी दोन्ही वेळा 'एक'चीच कुपी उचलली होती. तीन आठवडे दोन्ही फ्लास्कमध्ये एकच ग्लुकोज घालत होते, आणि एकाच गोष्टीचे दोन आकडे सारखे येणार नाहीत तर काय? उंदरांचा काही संबंध नव्हता. तुमचाही नव्हता. मी जुनी पानं उलटून पाहिली. 'एक'चे आकडे त्या आठवड्यांतही चांगले भरघोस होते, उपाशी उंदराचे कधी येणार नाहीत इतके. 'सहा'चे तेवढे एकदम वर गेलेले. नीट पाहिलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं. पण मी एकाला दुसऱ्यानं भागून येणारं उत्तर तेवढं बघत होते. वजनांची वहीही कपाटात होती. प्रत्येक उंदराचं वजन चढतच गेलेलं, तुमच्या त्या मोठ्या, वळणदार अक्षरात.

मी बाहेर पडवीत आले. तुम्ही जास्वंदीला पाणी घालत होता. लगेच विचारलंत, "काय झालं ताई? तोंड का उतारलंय?"

तीच वेळ होती. तुम्ही चार पावलांवर होता.

"काही नाही. ऊन लागलं जरा."

तुम्ही झारी ठेवलीत आणि माठातलं पाणी आणून दिलंत. मी ते प्यायले. मग आत गेले, दार लावलं, सीलबंद कुपी फोडली, थोडं द्रावण टाकाऊ मालाच्या कॅनमध्ये ओतलं आणि ते प्रयोगात वापरलं असं नोंदवहीत दाखवलं.

हे काल सुमनला सांगताना मी मधेच थांबले होते. ती वाट बघत बसली. बरोबरच केलं तिनं.

माझा प्रबंध तेव्हा टायपिंगला जात होता. पदवी, नोकरीची मुलाखत, ठरलेलं लग्न, सगळं रांगेत उभं होतं. ते तीन आठवडे प्रबंधातून का वगळले याचं कारण लिहिणं भाग होतं. मी लिहिलं, 'प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे या गटाला नियमित आहार मिळाला नाही.' कुपी सापडल्यावर लिहिलं, मामा. सगळं कळल्यावर! आधीची ती चूक म्हणता येईल. ह्याला काय म्हणायचं? काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांखाली, ग्रंथालयात ते वाक्य आजही आहे.

त्यानंतर तुम्ही काम सोडलंत. मी निरोपालाही आले नाही. ताप आला असं कळवलं होतं.

दोन हजार एकच्या सुमारास एका मैत्रिणीचं नवीन घर बघायला मी बावड्यात आले. फाटकावर खाकी शर्ट घातलेले तुम्ही! मी मान खाली घालून पुढं जाणार, तेवढ्यात तुमची हाक आली. "ताई! डॉक्टर झालासा न्हवं!" तुम्ही शेजारच्या माणसाला ओढून आणलंत आणि सांगितलंत, "ह्या आमच्या ताई. चरबी साखर कुठल्या वाटंनं न्हेती, त्ये ह्यांनी हुडकून काढलंय. म्या हुतो की तवा तिथं."

तुमच्या आवाजात अभिमान होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं. तुम्ही म्हणालात, "घरला चला की, हितं मागंच हाय. च्या घ्या." मी म्हणाले, गडबडीत आहे, पुढच्या वेळी नक्की. ती पुढची वेळ मी कधीच आणली नाही.

आणि आता परवा. माझी स्वतःचीच साखर वाढली आहे, म्हणून तपासणीसाठी रक्त द्यायला दवाखान्यात गेले. दंडाला पट्टा बांधणारी नर्स माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्ही वसुधाताई ना? उंदरांच्या? मी सुमन. केरबा कांबळ्यांची."

मी तुमची चौकशी केली. ती म्हणाली, "आबा गेले की. पाच महिने झाले."

सुई आत गेली ते मला कळलंसुद्धा नाही. कापूस दाबून धरत ती सहज बोलत होती. तुम्ही माझी आठवण काढायचात म्हणे. आई कधी त्या नोकरीवरून चिडली, मला शिव्या द्यायला लागली, की तुम्ही तिला गप्प करायचात. म्हणायचात, "माझ्याच हातनं कायतरी चुकलं असंल. ताई खोटं बोलायची न्हाय."

मामा!

तुम्ही शेवटी स्वतःवरच संशय घेतलात? रोज वजन करून लिहिलेलं, तुमच्या हातानं भरवलेलं, सगळं तुम्हाला ठाऊक असताना? माझ्या शब्दापुढं तुम्ही स्वतःचे डोळे खोटे ठरवलेत? तुम्ही मला चोर म्हणाला असता, शाप दिला असता, तर मी कदाचित निगरगट्टपणे जगले असते. हे कसं सहन करायचं?

काल सुमनची पाळी संपायच्या वेळेला जाऊन उभी राहिले.

सगळं ऐकल्यावर आणि ते आबांना सांगायचं होतं असं म्हणून झाल्यावर ती उठली. वाळलेल्या चादरी काढून घड्या घालायला लागली. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "आबा असते तर त्यांनी तुम्हाला च्या पाजला असता. मी न्हाय पाजणार."

मी म्हणाले, "नको पाजूस."

"आणि आईला मी सांगणार न्हाय. तुमचं तुम्ही येऊन सांगा. तिला ऐकायला कमी येतंय, मोठ्यानं बोलावं लागंल. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल."

मामा, मी येणार आहे. येत्या रविवारी सकाळी, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून, चालत. सुमनच्या आईसमोर बसून मोठ्यानं सांगणार आहे की केरबा कांबळ्यांनी एकाही उंदराला उपाशी ठेवलं नाही, चमचाभर पावडर घरी आणली नाही, आणि वसुधा खोटं बोलली. त्यांना ऐकू आलं नाही तर पुन्हा सांगेन. ज्यांना ऐकायचंय ते दारात येऊन ऐकू देत.

संस्थेला आज सकाळी पत्र लिहिलं. त्यात कुपीचं सगळं आहे, सील कुणी फोडलं तेही. प्रबंधातल्या त्या वाक्याखाली दुरुस्ती चिकटवा आणि केरबा कांबळे यांच्या कागदांतला ठपका काढून टाका, असं मागितलं आहे. ते माझी पदवी परत मागतील की नाही माहीत नाही. मागितली तर देईन. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, इतक्या वर्षांनी कशाला, माणूसच राहिला नाही. मी पाकीट चिकटवलं.

तुमच्याकडे माफी मागणार नाही. तुम्ही लगेच देऊन मोकळे व्हाल, मला माहीत आहे, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको आहे. एवढंच वचन देते, की ह्यापुढं कुणीही विचारलं, वर्गात, घरात, परीक्षकांसमोर, तर त्या तीन आठवड्यांत काय झालं ते मी तुमच्या नावानिशी सांगेन, आणि ऊन लागलं म्हणून आत निघून जाणार नाही.

जिला तुम्ही खरं बोलणारी समजत होता ती,
वसुधा